कौन्सिलच्या भाड्याच्या घराला आईसाठी खोली काढता येते का?

सोमवारची_खिचडी
मंडळी, इंग्लंडमधले कौन्सिल टेनंट आणि बांधकामातले जाणकार यांनी मार्गदर्शन करावं.

घर कौन्सिलचं (स्थानिक पालिकेचं), टेनन्सी सिक्युअर, म्हणजे पक्क्या भाडेहक्काची. १९५०च्या दशकातलं मिड-टेरेस, म्हणजे चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं मधलं. खाली बैठकीची खोली आणि किचन, वर तीन बेडरूम आणि एकुलती एक बाथरूम. मागे दहा मीटर बाग. राहणारी माणसं: नवरा-बायको, दोन मोठी मुलं आणि आई, वय ७९. आईला इथे कायमचं राहायची परवानगी आहे. दोन्ही गुडघे गेलेत, वॉकरवर चालते, जिना बंद.

खाली तिला झोपायला खोली आणि संडास-मोरी हवी. प्रश्न तीन. भाडेकरूला घर वाढवता येतं का? खर्च कोणाचा? आणि बांधून झाल्यावर ते कोणाचं?

"घर आपलं नाही, तर विटा कशाला रचता?" हा सल्ला नातेवाइकांकडून मुबलक मिळाला आहे. तो वगळून बोला.

कडकचहा
घर आपलं नाही, तर विटा कशाला रचता?

(सॉरी, राहवलं नाही.)

खर्डेघाशी
येतं. हाउसिंग ॲक्ट १९८५, कलम ९७. सिक्युअर टेनंटला घरात सुधारणा करता येते. कौन्सिलची लेखी संमती मात्र आधी घ्यायची, आणि कौन्सिलला ती विनाकारण अडवून धरता येत नाही. कलम ९८ प्रमाणे नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते कारण वाजवी होतं हे दाखवायची जबाबदारी कौन्सिलवर असते. कोर्ट मुख्यतः तीन गोष्टी बघतं: घराची सुरक्षितता कमी होते का, कौन्सिलच्या अंगावर जास्तीचा खर्च पडतो का, आणि घराची किंमत किंवा भाडं उतरतं का.

लोक फसतात ते पुढे. अर्ज केला, तीन महिने उत्तर नाही, म्हणजे मूक संमती, असं समजून कामाला लागू नका. वाजवी मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती *नाकारली* असं धरलं जातं. मग तक्रार किंवा काउंटी कोर्ट. पहिल्या वर्षाची इंट्रोडक्टरी (चाचणीची) टेनन्सी असेल तर हा हक्कच नाही.

आणखी एक. घरमालक म्हणून कौन्सिलची संमती, प्लॅनिंगची परवानगी आणि बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम तपासणीचं) सर्टिफिकेट हे तीन वेगळे कागद आहेत. कौन्सिल एकच, पण टेबलं तीन. एका टेबलाचा शिक्का दुसऱ्या टेबलावर चालत नाही.

ग्लासगोकर
स्कॉटलंडात याच्या बरोब्बर उलट. २००१च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे लेखी अर्जाला महिन्याभरात उत्तर नाही आलं, तर संमती मिळाली असं धरतात.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे सीमेच्या अलीकडे गप्प बसणं म्हणजे नाही, पलीकडे हो. लग्नाच्या बोलणीत हा कायदा लागू करू नका कोणी.

माजघर
खर्डेघाशी, सगळं बरोबर, पण सुरुवात चुकीच्या टोकाने होतेय. कलम ९७चा अर्ज म्हणजे "माझ्या खर्चाने बांधतो, परवानगी द्या". तो टाकला की कौन्सिल तुमच्याकडे हौशी भाडेकरू म्हणून बघते. इथे गरज अपंगत्वाची आहे. आधी कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअर विभागाला फोन करून आईच्या नावाने केअर ॲक्ट २०१४खाली गरजांची तपासणी मागा. ती पैशांवर अवलंबून नसते. मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, घरी येतो. सगळं त्याच्या रिपोर्टवर चालतं.

ओटी थेट बांधकाम लिहून देत नाही, एकेक पायरी चढतो. हजार पौंडांच्या आतलं किरकोळ काम, म्हणजे कठडे, दांड्या, उंच सीट, हे फुकट मिळतं. मग घरातल्या घरात बदल: वरच्या बाथरूमची वेट रूम (उंबरठा नसलेली, सपाट फरशीची मोरी) आणि जिन्याला स्टेअरलिफ्ट (रुळावरून वर जाणारी खुर्ची). मग मजल्यातून जाणारी लिफ्ट. मग दुसऱ्या घरी बदली. बांधकाम शेवटी. त्यामुळे "स्टेअरलिफ्ट का नको?" याचं उत्तर तयार ठेवा. मिड-टेरेसचा सरळ जिना असेल तर लिफ्ट बसते, आणि तिथेच फाइल बंद होते.

तुमच्याकडे उत्तर आहे: वर नेऊन आईला ठेवणार कुठे? जोडपं एक खोली, सोळा वर्षांपुढची दोन मुलं प्रत्येकी एक, आई एक. गरज चारची, आहेत तीन. हे ओटीच्या रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे. नुसतं "जिना चढता येत नाही" एवढं लिहिलं की स्टेअरलिफ्ट मिळते. लिफ्टवर स्वतःहून बसता-उठता येतं का, वरच्या टोकाला वॉकर कोण देणार, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे सगळं ओटीला बोलून दाखवा. आपल्या आया पाहुणा आला की खडखडीत बऱ्या होतात. ओटीसमोर "मला काही त्रास नाही हो बाळा" सुरू झालं की संपलं.

उंटावरचा_शहाणा
ओटीला चहा करून द्यायला स्वतः उठतील वर!

माजघर
हसू नका, नेमकं तेच होतं. आणि तो ते लिहून घेतो: "स्वतंत्रपणे गरम पेय बनवते."

स्लाउकर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे कौन्सिल कधीच बांधून देणार नाही. चार बेडरूमच्या घराच्या यादीत नाव घालतील आणि विसरून जातील. आणि तोही त्यांच्या दृष्टीने नियमच आहे: बदलीने प्रश्न सुटत असेल तर बांधकाम नाही.

माजघर
बरेचदा असंच होतं, पण "कधीच नाही" हे खरं नाही. खाली संडास-मोरी असलेलं चार बेडरूमचं घर त्या भागात मोकळं होण्याची शक्यता किती, हे कौन्सिलकडून लेखी मागा. "वाजवी काळात उपलब्ध होणार नाही" असं त्यांच्याच पत्रात आलं की बांधकामाची बाजू भक्कम होते. काही कौन्सिलं विटांऐवजी कारखान्यात बनवलेले पॉड (तयार खोल्या) मागच्या भिंतीला जोडतात. गरज संपली की क्रेनने उचलून दुसऱ्या घराला. तो पर्याय नाव घेऊन विचारा, आपणहून सांगत नाहीत.

म्युच्युअल एक्स्चेंजही विसरू नका. दोन सिक्युअर टेनंटनी घरं बदलायचा अर्ज केला तर कौन्सिलला ४२ दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि नकाराची कारणं कायद्यात ठरलेली आहेत.

हिशेबनीस
पैशांबद्दल. डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी घरात बदल करायचं अनुदान, १९९६चा कायदा. इंग्लंडात कमाल ३०,००० पौंड, वेल्समध्ये ३६,०००. इंग्लंडचा आकडा २००८पासून जागचा हललेला नाही, विटांचे भाव मात्र हललेत.

उत्पन्न तपासतात ते अपंग व्यक्तीचं आणि तिच्या जोडीदाराचं. म्हणजे इथे आईचं. मुलाचा पगार त्यात येत नाही, हे खुद्द अर्ज भरून घेणारे कधीकधी विसरतात. आईला गॅरंटी पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा सरकारी भत्ता) मिळत असेल तर तपासणीच नाही. बचतीतले पहिले ६,००० पौंड धरत नाहीत.

कौन्सिलच्या भाडेकरूलाही अर्ज करायचा हक्क आहे. प्रत्यक्षात कौन्सिल स्वतःच्या घरांचं काम हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट, म्हणजे भाड्यातून जमणाऱ्या पैशांतून करते. म्हणून "ग्रँट तुमच्यासाठी नाही" असं काउंटरवर सांगतात. त्यावर विचारायचं, "मग तुमची स्वतःची ॲडॅप्टेशन पॉलिसी दाखवा." ग्रँटपेक्षा कमी मदत देणारी पॉलिसी असेल तर रीतसर ग्रँटचा अर्ज टाका. पूर्ण अर्ज हाती पडल्यापासून सहा महिन्यांत निर्णय द्यावाच लागतो. आणि मंजुरीआधी कुदळ मारली की ग्रँट गेलीच समजा.

कडकचहा
गंमत बाजूला. खोली आणि वेट रूम ३०,०००मध्ये होते का?

पाटीवाला
विटांच्या पक्क्या कामाला पुरत नाही. वरचे पैसे कौन्सिल स्वेच्छेने घालते, नाहीतर कुटुंब. पण आधी जागेचा हिशेब करा, कारण पहिल्या स्केचमध्येच लोक गंडतात.

चिकटलेल्या घराला प्लॅनिंगशिवाय मागे ३ मीटर जाता येतं. हे मूळ मागच्या भिंतीपासून, बाहेरून बाहेर. घराची रुंदी साडेचार मीटर धरू. बाहेरची वीट, पोकळीतलं इन्सुलेशन, आतला ब्लॉक, प्लास्टर मिळून भिंत साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आतून उरलं २.६५ गुणिले ३.८, जेमतेम दहा चौरस मीटर. वेट रूम २ बाय २.२ काढली की मधली भिंत धरून साडेपाच चौरस मीटरसुद्धा उरत नाही. त्यात कॉट बसेल, वॉकर फिरेल, व्हीलचेअर फिरणार नाही. तिला वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. आज वॉकर आहे म्हणून आजच्यापुरतं बांधू नका.

त्यामुळे पर्याय दोन. एक, बैठकीच्या खोलीत पार्टिशन घालून आईची खोली तिथे, आणि मागे फक्त वेट रूम आणि किचनची थोडी वाढ. कमी खोदकाम, कमी खर्च, आणि आई घराच्या मध्यावर राहते. दोन, मागे ६ मीटरपर्यंत जाणं. त्याला प्रायर अप्रूव्हल (पूर्ण प्लॅनिंग अर्जाऐवजीची छोटी पूर्वमंजुरी) लागतं, शेजाऱ्यांना कळवतात, ४२ दिवसांची प्रक्रिया. उंची कमाल ४ मीटर, आणि कुंपणापासून २ मीटरच्या आत असाल (मिड-टेरेसमध्ये असताच) तर पागोळीची उंची ३ मीटरच्या वर नाही. काही कौन्सिल इस्टेटींवर प्लॅनिंगशिवाय वाढवायचे हे हक्क काढून घेतलेले असतात, ते आधी विचारा. फ्लॅटला तर ते मुळातच नाहीत.

खर्डेघाशी
पुरवणी: पूर्ण प्लॅनिंग अर्ज करावा लागला तर घरगुती अर्जाची फी एप्रिल २०२५मध्ये ५२८ पौंड झाली होती, पण अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी, सुरक्षिततेसाठी किंवा आरोग्यासाठी घरात बदल असेल तर फी माफ. ऑनलाइन फॉर्ममध्ये तो चौकोन खाली कुठेतरी असतो, बहुतेक जण पैसे भरून मोकळे होतात. अर्जात मालकीचं सर्टिफिकेट 'बी' लावायचं, कारण मालक तुम्ही नाही. 'ए' लावलंत तर अर्ज रद्द होऊ शकतो.

पाटीवाला
आता जमिनीखालचं. कौन्सिलच्या जुन्या ओळींत सांडपाण्याची पाईप बहुधा मागच्या भिंतीला समांतर, सगळ्या घरांच्या बागांतून जाते. जिथून दोन घरांचं पाणी एकत्र येतं तिथून पुढे ती पाईप ऑक्टोबर २०११पासून वॉटर कंपनीची. तिच्या ३ मीटरच्या आत पाया खणायचा तर त्यांची परवानगी लागते. पाईपवरून बांधू देतात, मॅनहोलवरून सहसा नाही. असे अनेक नकाशे इथेच फाटतात.

पाया: दोन बाजू ३-३ मीटर आणि मागची साडेचार, एकूण साडेदहा मीटर लांब चर, ६०० मिलिमीटर रुंद, मीटरभर खोल. सव्वासहा घनमीटर माती. जमिनीचा थर खणून आणखी सहा. उकरलेली माती फुगते, म्हणून सोळा घनमीटर धरा. आठ-यार्डी स्किप (राडारोड्याची लोखंडी पेटी) साधारण सहा घनमीटरचा, म्हणजे तीन स्किप. मागे बोळ नसेल तर ही सगळी माती बैठकीच्या खोलीतून, ढकलगाडीने, समोरच्या रस्त्यावर. आणि काँक्रीट? त्याच वाटेने उलटं, किंवा पंप लावून छपरावरून. मिड-टेरेसचं कोटेशन शेवटच्या घरापेक्षा जास्त येतं ते याच्यामुळे. बिल्डर लुटत नसतो. चिकणमाती आणि जवळ मोठं झाड असेल तर एका मीटरवर भागत नाही, इन्स्पेक्टर आणखी खोल जायला लावतो. चर भरायच्या आधी त्याला दाखवायचाच, नाहीतर भरलेला उकरायला लागतो.

लाकडी तक्तपोशीचं जुनं घर असेल तर मागच्या भिंतीत खाली जाळीच्या विटा असतात, मजल्याखाली हवा खेळायला. नवीन काँक्रीटचा कोबा त्या बुजवतो. दोन-चार वर्षांनी बैठकीतली लाकडं कुजतात आणि कोणाला कारण कळत नाही. कोब्यातून १०० मिलिमीटरचे पाईप टाकून ती हवा नव्या बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायची. किंमत किरकोळ, विसरलं तर हजारोंचं काम.

नळकोंडाळे
वा, पाटीवाल्यांना दंडवत. एक राहिलं: भिंत कशाची आहे ते बघा. १९५०च्या कौन्सिल घरांत वीट असेलच असं नाही. नो-फाइन्स, म्हणजे वाळूविना ओतलेलं जाळीदार काँक्रीट, किंवा एअरी-कॉर्निशसारखी प्रीकास्ट घरंही त्याच काळातली. वरून रेंडर (गिलावा) असतो, ओळखू येत नाही. नो-फाइन्समध्ये ड्रिल मारला की भोक मोठं होत जातं आणि साधा प्लग धरत नाही. दार पाडायला स्ट्रक्चरल इंजिनीअरशिवाय हात लावू नये. आणि २०००च्या आधीचं घर म्हणजे ॲस्बेस्टॉसचा सर्व्हे. आर्टेक्सचं (खरबरीत नक्षीच्या लेपाचं) छत, जुन्या काळ्या-तपकिरी फरश्या आणि त्यांखालचा डांबरी गोंद, पागोळीच्या फळ्या. कौन्सिलकडे त्या घराची नोंद असू शकते, ती आधी मागा, पण तोडफोडीसाठीचा वेगळा सर्व्हे लागतोच.

आता माझा प्रांत. वेट रूमचा उतार मीटरला २० ते २५ मिलिमीटर. कमी दिला तर पाणी दाराकडे, जास्त दिला तर शॉवरची खुर्ची लंगडते. फरशीखाली आणि शॉवरच्या भिंतींना वॉटरप्रूफिंग पूर्ण. न घसरणारं व्हिनाइल भिंतीवर १०० मिलिमीटर वळवून चढवायचं, टाइल नको. दांड्यांसाठी प्लास्टरबोर्डमागे १८ मिलिमीटर प्लायवूड संपूर्ण भिंतीला, कारण दांडी कुठे लागणार हे आई वापरायला लागल्यावरच कळतं. शॉवरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, ४१ अंशांवर अडकवलेला. साडेनऊ किलोवॉटच्या इलेक्ट्रिक शॉवरला १० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार ढकलता येत नाही.

कडकचहा
आणि कमोडशेजारी जेट स्प्रे. तो विसरू नका, आपल्या माणसांचा पहिला प्रश्न तोच.

नळकोंडाळे
वाटच बघत होतो याची. इथे तो भारतासारखा टी-जॉइंट मारून लावता येत नाही. १९९९च्या वॉटर फिटिंग्ज नियमांत कमोडपर्यंत पोचणारी नळी म्हणजे कॅटेगरी ५, सगळ्यात घाण पाण्याचा धोका. साधा चेक व्हॉल्व्ह चालत नाही, मध्ये हवेची मोकळी फट असलेली छोटी टाकी आणि पंप लागतो. कौन्सिल ते सहसा मान्य करत नाही, आणि ऑनलाइन मिळणारा पंधरा पौंडांचा सेट तपासणीत काढायला लावतात. त्यापेक्षा धुऊन-वाळवून देणारं कमोड ओटीकडून लिहून घ्या. हाताचे सांधे गेलेत, मागे हात पोचत नाही, हे कारण त्यांना पटतं. त्यासाठी कमोडजवळ फ्यूज असलेला स्पर (विजेचा जोड) आणि नियमात बसणारं पाण्याचं कनेक्शन आधीच काढून ठेवायचं. नाहीतर आहेच आपला तांब्या. त्याला कोणतीही कॅटेगरी लागत नाही.

उंटावरचा_शहाणा
तांब्या झिंदाबाद. वाचनखूण साठवली.

आंबोळी_घावन
थोडं अवांतर. सासूबाई दरवर्षी कोल्हापूरहून सहा महिने व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यांच्यासाठी हेच करता येईल का? की बागेत तयार लाकडी केबिन टाकावी?

खर्डेघाशी
ताई, दोन्हीला नाही. ग्रँटसाठी ते घर त्या व्यक्तीचं एकमेव किंवा मुख्य घर असावं लागतं. व्हिजिटरचं मुख्य घर कोल्हापूर. कायमचं आणायचं तर ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह व्हिसा, जो जुलै २०१२पासून फार अवघड आहे: रोजच्या साध्या कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि तुम्ही पैसे पाठवूनसुद्धा ती तिकडे मिळू शकत नाही, हे सिद्ध करायचं. कोल्हापुरात बाई ठेवता येते म्हटलं की संपलं.

केबिनचं: बागेतलं शेड प्लॅनिंगशिवाय चालतं ते घराला पूरक वापरासाठी. त्यात कोणी कायम झोपलं की तो वापर पूरक राहत नाही. चाकांवरचं मोबाइल होम वेगळ्या कायद्यात बसवता येतं, पण तुमची बाग कौन्सिलची आहे. टेनन्सी करारात नव्या बांधकामाबद्दल कलम असतंच.

स्लाउकर
पार्टी वॉल ॲक्ट, म्हणजे सामाईक भिंतीचा कायदा, राहिला. शेजाऱ्याच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं तर महिनाभर आधी नोटीस, सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोन महिने. खिचडीसाहेब, आजच शेजाऱ्यांना पत्र द्या.

खर्डेघाशी
स्लाउकर, इथे चुकताय. १९९६च्या त्या कायद्यात वर्षाच्या किंवा त्याहून कमी मुदतीचा भाडेकरू 'ओनर' धरत नाहीत. साप्ताहिक टेनन्सीवाल्याने दिलेली नोटीस म्हणजे साधं पत्र. नोटीस कौन्सिलने द्यायची. शेजारचं घरही कौन्सिलचंच असेल तर नोटीस द्यायला कोणी नाहीच. पण शेजाऱ्याने राइट टू बायमध्ये (भाडेकरूने कौन्सिलचं घर सवलतीत विकत घ्यायची योजना) घेतलं असेल तर तो मालक, आणि मग कौन्सिलकडून नोटीस गेल्याशिवाय चर खणू नये. संमतीपत्रात ही जबाबदारी नाव घालून कौन्सिलवर लिहून घ्या.

स्लाउकर
हे माहीत नव्हतं. मान्य.

हिशेबनीस
भाडं आणि करांकडे वळतो. तुमच्या खर्चाने सुधारणा केली तर कलम १०१ प्रमाणे त्यापायी भाडं वाढवता येत नाही. कौन्सिलने बांधली तर बेडरूम मोजून वाढू शकतं.

युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीची सरकारी मदत) घेत असाल तर आईची एक बेडरूम धरतात. आई गेल्यावर त्या महिन्यासकट तीन महिने सवलत, पुढे एक खोली जास्त ठरली तर भाड्याच्या मदतीत १४ टक्के कपात. दोन जास्त ठरल्या तर २५. मुलं घर सोडतील तेव्हाचाही हिशेब आजच करा.

कौन्सिल टॅक्समध्ये मात्र फायदा सोडू नका. अपंग व्यक्तीसाठी दुसरी बाथरूम किंवा तिच्या वापराची खास खोली असेल तर एक बँड (कराचा टप्पा) खाली धरतात, अर्ज केला तर. आईच्या खोलीत ओटा आणि सिंक मात्र घालू नका. स्वतंत्र राहता येईल असा भाग झाला की त्याला वेगळा बँड लागू शकतो. ६५च्या पुढचे अवलंबून असलेले नातेवाईक राहत असतील तोवर त्यावर माफी असते, पण तो बँड पुढे चिकटतो.

व्हॅट: अपंग व्यक्तीसाठी बाथरूम, रॅम्प, रुंद दार या कामांवर शून्य टक्के. झोपायच्या खोलीवर पूर्ण २०. म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही वेगळं लिहून घ्या. एकच रक्कम लिहिली की बिल्डर सगळ्यावर २० लावतो. आईच्या सहीचं पत्र त्याला कामाआधी द्यायचं. त्यात आजाराचं नाव हवं. नुसतं 'वयोवृद्ध' चालत नाही.

सोमवारची_खिचडी
सगळ्यांचे आभार. तिसरा प्रश्न मात्र मागे पडला. बांधल्यावर ते कोणाचं?

खर्डेघाशी
कौन्सिलचं. जमिनीला जोडलं ते जमिनीच्या मालकाचं. १९९४च्या नियमांत सोडून जाताना भरपाई आहे, कमाल ३,००० पौंड, पण ती ठरावीक यादीला: मोरी, संडास, किचन, हीटिंग, इन्सुलेशन, वायरिंग वगैरे. त्यात खोली नाही. म्हणजे स्वतःच्या खर्चाने बांधलंत तर वेट रूमचे थोडे पैसे झिजवून परत, खोलीचे शून्य. दुरुस्ती कोण करणार हेही संमतीपत्रातच ठरतं. छत गळलं की "ते तुमचं बांधकाम" असं ऐकायला मिळू नये म्हणून आत्ताच लिहून घ्या.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. हाउसिंग ॲक्ट १९८५च्या दुसऱ्या शेड्यूलमधलं ग्राउंड १३. अपंग व्यक्तीसाठी खास बदललेलं घर, आणि ती व्यक्ती तिथे राहत नाही, आणि कौन्सिलला ते दुसऱ्या अपंग कुटुंबासाठी हवं आहे, तर ताबा मागता येतो. पर्यायी योग्य घर द्यावं लागतं आणि कोर्टाला ते वाजवी वाटावं लागतं, पण दार उघडं राहतं. घर पूर्णपणे बदलून व्हीलचेअरसाठी केलं तर हा मुद्दा लागू होऊ शकतो. मागे एक खोली आणि मोरी एवढ्यावर लावायला कठीण.

कडकचहा
मग राइट टू बाय करून टाका, प्रश्नच मिटला.

खर्डेघाशी
त्यात एक चांगली गोष्ट आहे: टेनंटने स्वखर्चाने केलेली सुधारणा किंमत ठरवताना धरत नाहीत. कौन्सिलने केलेली धरतात. पण नोव्हेंबर २०२४पासून इंग्लंडात कमाल सूट भागाप्रमाणे १६,००० ते ३८,००० पौंडांवर आणली आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये योजनाच बंद झाली आहे. खोलीसाठी घर विकत घेणं म्हणजे ताकासाठी म्हैस.

माजघर
खिचडीसाहेब, रिपोर्ट येईपर्यंत बिल्डरला ॲडव्हान्स देऊ नका. कौन्सिलने ओटीचा रिपोर्ट असूनही टाळलं तर घरमालक म्हणून तिच्याविरुद्ध दोन टप्प्यांची तक्रार: पहिल्याला दहा कामाचे दिवस, दुसऱ्याला वीस. नंतर हाउसिंग ओम्बड्समन, म्हणजे स्वतंत्र तक्रार-निवारक. ग्रँटच्या अर्जाबद्दलची तक्रार मात्र लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समनकडे. चुकीच्या दारात गेलात तर महिने जातात.

सोमवारची_खिचडी
ओटीसाठीचा फॉर्म आज भरला. स्टेअरलिफ्टचं उत्तर आणि बेडरूमचा हिशेब त्यात लिहिला. आता एकच: मागच्या भिंतीपासून साधारण सव्वा मीटरवर लोखंडी झाकण आहे. ते कोणाचं हे कसं ओळखायचं?

पाटीवाला
झाकण उचला आणि आत बघा. मुख्य गटाराला एका बाजूने पाईप येते आणि दुसऱ्या बाजूने जाते. उताराच्या वरच्या बाजूच्या शेजाऱ्याला फ्लश करायला सांगा. शेजाऱ्याच्या संडासाचं पाणी तुमच्या झाकणाखालून वाहत गेलं तर ती पाईप सामाईक, म्हणजे वॉटर कंपनीची. फक्त तुमचंच पाणी येऊन पुढे जात असेल, तर तेवढा तुकडा घराचा, म्हणजे कौन्सिलचा. सव्वा मीटरवर असेल तर ते तुमच्या वेट रूमच्या मधोमध येणार. सामाईक निघालं तर चेंबर बाहेर हलवण्याचा खर्च धरा किंवा बैठकीतल्या पार्टिशनच्या पर्यायाकडे वळा आणि मागे फक्त मीटरभर जा. खोली आणि दिशा टेपने मोजून फोटोसकट ठेवा, ड्रॉइंगवाल्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

नळकोंडाळे
हातमोजे घाला. आणि झाकण बुटाच्या टोकाने सरकवू नका. वीस-तीस किलोचं असतं.

सोमवारची_खिचडी
शनिवारी उघडतो.